कोरडा बर्फ

मधमाशीचं पोट उघडलं की मधाचा वास येत नाही, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी कदाचित दुसरा विषय घेतला असता. येतो तो आंबलेल्या पिठाचा वास, त्यात खवट तेल मिसळल्यासारखा. आतडं चिमट्यानं ओढलं की परागाचा पिवळा लगदा काचेवर पसरतो आणि कितीही पुसला तरी चिमट्याच्या टोकाला चिकटून राहतो. पहिल्या दिवशी मी सात माश्या उघडल्या आणि आठवीला खुर्ची मागे सारून बेसिनकडे धावले. माझे मार्गदर्शक दातार सर शेजारच्या टेबलावर चहात बिस्कीट बुडवत बसले होते. ज्या हातानं त्यांनी नुकतीच एका माशीची मुंडी पिळली होती, त्याच हातानं. बिस्कीट मोडून चहात पडलं, ते त्यांनी बोटानं बाहेर काढून खाल्लं आणि म्हणाले, "होईल सवय."

सवय काही झाली नाही. पुढं माझी सगळी नोकरी किड्यामकोड्यांत गेली, लोक मला त्या विषयातली जाणती बाई म्हणून बोलावतात, पण अजूनही पोट उघडताना मी श्वास आत धरते. तेव्हा मात्र वाटायचं, की माझ्यावर कुणीतरी सूड उगवतंय. कारण मी एमेस्सीपर्यंत शिकले ती मुळात पोटं फाडायचं काम चुकवण्यासाठी.

आमचं घर करावे गावात, खाडीच्या बाजूला. आजा खाडीत डोल, म्हणजे मोठं जाळं, लावायचा. वडलांनी जाळं सोडून पावणे गावातल्या एका रंगाच्या कारखान्यात नोकरी धरली होती. संध्याकाळी ते मोरीत नाक शिंकरायचे तेव्हा निळं यायचं, कधी जांभळं, आणि ते धुवून जाईपर्यंत मी मोरीत पाय ठेवत नसे. आई म्हावरं विकायची. पहाटे बर्फाच्या गाडीवरून लादी उतरली की ती गोणपाटात गुंडाळून मोगरीनं फोडायची. धप, धप, मग कर्रकर्र. त्या आवाजानंच माझी सगळी बालपणाची झोप मोडलेली आहे. नंतर ओसरीवर पांढरी थर्माकोलची पेटी उघडायची, तळाला बर्फ, त्यावर बोंबील, परत बर्फ, वर कोलंबी, शेवटी पापलेट. तिची बोटं बर्फात राहून राहून पेरांवर पांढरी फटक पडलेली असायची, भेगांत मीठ गेलेलं. त्याच बोटांनी ती माझ्या वेण्या घालायची आणि मी मान आखडून धरायचे.

मला त्या घराची किळस होती, हे आता सरळ लिहून टाकते. मोरीतल्या मडक्यात निवटे, खाडीच्या चिखलातले मासे, जिवंत ठेवलेले असायचे, ते उड्या मारून झाकण हलवायचे. परसात सुकट वाळत पडायची आणि तिच्यावर माश्या, साध्या, घाणीवरच्या. माझे कॉलेजचे कपडे मी डांबराच्या गोळ्या घालून प्लास्टिकच्या पिशवीत माळ्यावर ठेवायचे. आंघोळीला बेसन आणि लिंबू लावायचे. घरी निवट्यांचं आंबट कालवण आणि गरम तांदळाची भाकरी असली तरी मी डाळभात मागायचे. आई एक अवाक्षर न बोलता माझी डाळ वेगळ्या टोपात शिजवायची, त्या टोपात म्हावरं कधी घातलं नाही. तिला वाईट वाटत असेल असं तेव्हा माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. आता नेरूळच्या फ्लॅटमध्ये सुकट भाजायची तर मीच आधी खिडक्या लावून घेते, कारण सोसायटीच्या ग्रुपवर लगेच मेसेज पडतो.

दातार सरांचा प्रश्न मात्र सुंदर होता. सातेरी जातीच्या माश्यांच्या एकाच पोळ्यात, एकसारख्या अंड्यांतून, कामकरी माशी निघते आणि राणीही निघते. फरक सुरुवातीच्या खाण्याचा. पुढं कामकरीण दीड-दोन महिन्यांत राबून संपते आणि राणी दोन-तीन वर्षं अंडी घालत बसते. असं का? सरांचं म्हणणं, उत्तर पोटाच्या कातडीखाली आहे. तिथं चरबीच्या पेशींचं एक पातळ अस्तर असतं, आपल्याकडं यकृत जे काम करतं तसलं काम करणारं. प्रत्येक पेशी खाल्लेल्या अन्नातून ऊर्जा तयार करते आणि लगेच खर्चते, साठवून ठेवायची सोय फारशी नाही. कामकरीण म्हातारी होते तसतसं हे ऊर्जा बनवणं मंदावत असेल आणि राणीचं मंदावत नसेल, तर म्हातारपण म्हणजे काय ते निदान एका किड्यापुरतं तरी हातात येईल. राणीचं काम पुढं कुणीतरी करायचं होतं. माझ्या वाट्याला आल्या तरुण कामकरणी आणि म्हाताऱ्या कामकरणी. त्यांच्या चरबीत किती ऊर्जा आहे, ते काजव्यापासून काढलेल्या एका द्रव्यानं मोजायचं. ऊर्जा जास्त, तर उजेड जास्त. ते वाचलं तेव्हा मी हरखून गेले होते. काजव्यांच्या उजेडात येईपर्यंत किती चिखल तुडवावा लागतो ते पुस्तकात नव्हतं.

कॉलेजच्या गच्चीवर चार मधपेट्या होत्या. पोळ्यातून माशी बाहेर आली त्याच दिवशी तिच्या पाठीवर नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा, म्हणजे तिचं वय कळतं. लाल ठिपक्याच्या माश्या सगळ्यांत आधीच्या. त्या चाळीस दिवसांच्या होईपर्यंत थांबायचं आणि मग ताज्या, हिरव्या ठिपक्यांच्या माश्यांबरोबर एकाच वेळी मारायच्या. थांबणं म्हणजे काय, तर रोज सकाळी पेटीखालची मढी मोजणं. म्हाताऱ्या माश्या सहसा आत मरत नाहीत. ज्या मरतात त्यांना बाकीच्या ओढत दारापर्यंत आणतात आणि खाली लोटतात. पंख झिजलेले, अंगावरची लव गेलेली, टक्कल पडलेल्या काळ्या चकचकीत. मुंग्या डोळ्यांपासून सुरुवात करायच्या. आणि ज्या जिवंत होत्या त्या फुलांवर जातात हा माझा समज होता. एकदा मी लाल ठिपकेवाली माशी पाहिली ती स्टेशनबाहेरच्या रसाच्या गाड्यावर, उसाच्या चोथ्याच्या पिंपात, थुंकीशेजारी. तिथं पंधरा-वीस होत्या. त्यानंतर मी मध खाल्लेला नाही.

माझ्याबरोबर तळोज्याची शगुफ्ता होती. ती झुरळांवर काम करायची आणि तिला कशाचंच काही वाटायचं नाही. "यार, तू प्राणिशास्त्र घेतलंसच कशाला?" असं ती मला दर आठवड्याला विचारायची. मी सांगायचे, बंगलोरच्या सीटसाठी. ते खरंच होतं. तिथल्या एका मोठ्या संस्थेनं मला पीएचडीला घ्यायचं कबूल केलं होतं, पण प्रकल्पाचा अहवाल वेळेत आणि निष्कर्षासकट हवा. तो नसेल तर सीट दुसऱ्याला. दुसऱ्या खेपेची आशा नव्हती, आणि मला त्या गावापासून, त्या वासापासून रेल्वेचा एक दिवस तरी लांब जायचं होतं.

चाळिसावा दिवस उजाडला तेव्हा लाल ठिपक्यांच्या अकराच उरल्या होत्या. आदल्या संध्याकाळी सरांचे वडील वाईला मोरीत पडले आणि सर तिकडं गेले. मी अकराच्या अकरा धरल्या, हिरव्याही अकरा धरल्या, छोट्या नळ्यांत घातल्या आणि बघते तर द्रव नत्राचं नळकांडं रिकामं. माशी त्या क्षणी गोठवली तरच तिच्यातली ऊर्जा जागच्या जागी थांबते. मी सरांना फोन लावला. सर मराठीचे फार अभिमानी, प्रयोगशाळेत इंग्रजी शब्द चालवून घ्यायचे नाहीत, आम्हाला कॉम्प्युटर म्हणायचीही चोरी.

"सर, नत्र संपलंय."

"संपलं? बरं, मग कोरड्या बर्फात घाल. मी परवा येतो." मागं दवाखान्यातला गलका ऐकू येत होता. "पण कोरडाच हवा हं. पाण्याचा थेंब दिसता कामा नये."

फोन बंद झाला. दुसऱ्या कुठल्याही मुलीनं परत फोन करून विचारलं असतं, सर, कोरडा बर्फ म्हणजे काय? मला विचारायची गरजच वाटली नाही. मी त्या शब्दात वाढले होते. आमच्या घरात लादी फोडल्याफोडल्या जो चुरा निघतो, पाणी न सुटलेला, हाताला चिकटणारा, तो कोरडा बर्फ. पाणी सुटलं की तो ओला, तो बांगड्याला. कोरडा फक्त पापलेटला. सर ज्या कोरड्या बर्फाबद्दल बोलत होते तो बर्फच नव्हे, तो गोठवलेला वायू, पाण्याचा त्याच्याशी संबंध नाही, आणि त्याच्यापुढं आमचा बर्फ म्हणजे ऊनच. हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. इंग्रजी नावानं, ड्राय आइस म्हणून, मी ते परीक्षेत लिहिलेलं होतं. मराठीत तो शब्द आईचा होता.

मी नळ्या घेऊन, रिक्षा करून बाजारात गेले. कॉलेजात जायला लागल्यापासून मी आईच्या ओट्यापाशी पाऊल टाकलं नव्हतं. ती मला बघून उठूनच उभी राहिली.

"काय झालं गो बाय? बाबांना काय झालं?"

"काही नाही. आये, मला कोरडा बर्फ हवाय. दोन दिवस टिकायला हवा."

सगळं ऐकल्यावर तिनं पेटीतली पापलेटं काढून बाहेर परातीत टाकली, भर दुपारी, आणि अर्धी पेटी रिकामी केली. शेजारची बाई म्हणाली, अगो, खराब होतील. आई म्हणाली, "होऊ देत. पोरीच्या कॉलेजचं काम हाय." मग तिनं एक नळी उचलून डोळ्यांजवळ धरली. तिच्या खवले चिकटलेल्या बोटांत ती नळी बघून माझ्या अंगावर काटा आला.

"ही म्हातारी ना?"

"तुला कसं कळलं?"

"पखं बघ ना तिची. राबून राबून चिरगुटं झालीत."

दोन दिवस आईनं ती पेटी सांभाळली. पाणी सुटायच्या आत बर्फ बदलायचा, खालचं भोक उघडून निथळू द्यायचं, वर गोणपाट. मी घरात अहवालाची पहिली प्रकरणं लिहीत बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओसरीवरून हाका मारायला लागली.

"बाय, हिकडं ये गो. यातली एक पाय हालवते."

मी उठलेसुद्धा नाही. आतूनच म्हणाले, "मेल्यावर हलतात पाय. असतं तसं."

"मेल्याचे असे नाय हालत," ती म्हणाली. "म्हावरं मी रोज बघते. ही जिती हाय."

"आये, तुला त्यातलं कळत नाही. झाकण लाव."

तिनं झाकण लावलं.

सर आले. मी पेटी घेऊन गेले, रिक्षावाला रस्ताभर नाक बाहेर काढून बसला होता. सर घाईत होते, नळ्या मी परस्पर पुढं दिल्या. माश्या उघडल्या, चरबी काढली, काजव्याचं द्रव्य घातलं. यंत्रात पहिली तरुण माशी घातली. उजेड जवळजवळ नाही. दुसरी, तेच. मग म्हाताऱ्या, त्याही तशाच. बावीसच्या बावीस एकसारख्या विझलेल्या. सरांनी चष्मा काढला आणि कोपऱ्यातल्या थर्माकोलच्या पेटीकडं गेले. झाकण उघडलं. बोंबलाचा वास प्रयोगशाळाभर पसरला.

"हे काय आहे?"

"कोरडा बर्फ, सर."

आधी त्यांना कळेना. मग कळलं, आणि ते हसायला लागले. खोटं हसू नव्हतं ते, डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या. शगुफ्ताही हसली. मला वाटलं आता जमीन दुभंगली तर बरं. हसून झाल्यावर त्यांनी समजावलं ते अजून कानात आहे. साध्या बर्फात माशी मरत नाही, नुसती बधिर होते. पेशी चालूच राहतात, खायला काही नाही, उडायला येत नाही, होती ती ऊर्जा हळूहळू जाळत पडून राहते. कुणी दिवसभर, कुणी त्याहून जास्त. तरुण काय आणि म्हातारी काय, शेवटी सगळ्या सारख्याच रिकाम्या होऊन मरतात. "तू त्यांना मारलंच नाहीस," सर म्हणाले. "थांबवून ठेवलंस फक्त."

मी परत बेसिनकडं गेले. ती पाय हलवणारी आठवली होती.

अहवाल द्यायला नऊ दिवस होते. नव्या म्हाताऱ्या माश्या तयार व्हायला चाळीस. मी सरांना विचारलं, आता काय? त्यांनी मधाच्या बरणीत अंगठा बुडवला, चाटला आणि म्हणाले, "काय येणार ते आपल्याला माहीतच आहे ना? तरुणांत जास्त, म्हाताऱ्यांत कमी. लिहून टाक."

"पण सर, मोजलं नाही."

"प्रयोग नीट झाला असता तर जे दिसलं असतं तेच तू लिहिते आहेस. हे खोटं नव्हे." अंगठा परत बरणीत. "फार सरळ आकडे घालू नकोस. थोडे मागेपुढे कर."

मधाची तार त्यांच्या अंगठ्यापासून दाढीपर्यंत लोंबत होती. त्या माणसाची मला इतकी शिसारी आली, की तिथल्या तिथं काहीतरी बोलायला हवं होतं. मी वही उचलून बाहेर पडले. बाहेर जिन्यात शगुफ्ता म्हणाली, "सर बोलले ना? मग टेन्शन कसलं? सीट जाईल वेडे." ती मात्र मला वाईट वाटली नाही. तिचं म्हणणं मला पाहिजेच होतं.

खोटे आकडे लिहायला किती वेळ लागतो? एक दुपार. घरी पलंगावर बसून मी बावीस माश्यांना जीव दिला. तरुणांना भरपूर, म्हाताऱ्यांना साधारण त्याच्या निम्मा. एका म्हातारीला मुद्दाम जरा जास्त दिला, म्हणजे खरं वाटेल. एक तरुण मुद्दाम अशक्त केली. हे करताना मला मजा आली, ही त्यातली सर्वांत घाण गोष्ट. उघडलेल्या पोटांची, सुकटीची, वडलांच्या निळ्या शेंबडाची मिळून जेवढी किळस मला आयुष्यात आली असेल, तेवढी मला त्या संध्याकाळी माझ्या स्वच्छ, बेसन लावलेल्या हातांची आली.

आई तेव्हा बाजारातून आली होती. पाय पाण्याच्या बादलीत सोडून ओसरीवर बसली होती. अख्ख्या बाजारात तिनं सांगितलं होतं, की माझ्या बर्फावर पोरीचं शास्त्र झालं.

"मग? निघालं काय त्या म्हाताऱ्यांत?"

मी दारात उभी होते. अहवाल आत पलंगावर पडला होता. मला बोलता आलं असतं, की आये, तू बोललीस तेच खरं, ती जिवंत होती. मी म्हणाले, "तरुणांच्या निम्मी ताकद उरते."

तिनं बादलीतल्या पायांकडं बघितलं. मग हात उलटेसुलटे करून बघितले, बर्फानं फाटलेले. तेव्हा ती जेमतेम पंचेचाळिशीची असेल, दिसायची साठीची.

"निम्मी?" ती म्हणाली. "जल्लां, मना वाटलं काय नाय उरत. निम्मी म्हंजे बरंच उरतं की गो."

ती खूश झाली. त्या रात्री जेवताना तिनं वडलांनाही सांगितलं.

मला सीट मिळाली. पुढं दुसऱ्यांनी हे काम नीट केलं, खऱ्या कोरड्या बर्फात, नत्रात, आणि सरांची दिशा बरोबर निघाली. कामकरणीच्या पेशी वयानुसार मंदावतात, राणी म्हातारी झाली तरी तिच्या पेशी बऱ्याच तरुण राहतात. त्यामुळे माझा अहवाल कुणाला कधी खटकला नाही. कपाटात आहे कुठंतरी त्या कॉलेजच्या. त्यातलं निम्मं मात्र आईपाशी राहिलं. मी सुट्टीला आले की ओट्यावरच्या बायका मला म्हणायच्या, तुझी आय थकली की बोलते, माझ्या पोरीनं मोजलंय, निम्मी ताकद हाय अजून, आणि परत पेटी उचलते. तिनं आणखी वीस वर्षं ती पेटी उचलली. मी दरवेळी ठरवायचे सांगायचं, आणि दरवेळी वाटायचं, आता कशाला.

मागच्या वर्षी तिचे गुडघे पूर्ण गेले. आता ती माझ्याकडं असते, खिडकीपाशी. एका सकाळी तिला चहाचा कप उचलवेना. कप तसाच सोडून ती माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "बाय, तू तर निम्मी बोल्लेलीस." तक्रार नव्हती त्यात. काहीतरी चुकून राहून गेलं असेल, तर मी ते शोधून देईन, अशा आवाजात म्हणाली.

मग मी तिला सांगितलं. सगळं सांगितलं. कोरडा बर्फ म्हणजे सरांचा कुठला, आपला कुठला. उजेड दिसलाच नाही ते. पाय हलवणारी माशी जिवंतच होती ते. आकडे पलंगावर बसून मी मनानं लिहिले ते. मला वाटलं, ती शिव्या घालेल, निदान तोंड फिरवेल. तसं केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

तिनं तिची ती वाकडी झालेली बोटं माझ्या हातावर ठेवली.

"म्हंजे बर्फ माझा खराब निघाला गो," ती म्हणाली. "येवढा जपला, तरी तुझं काम नासवलं."

मी नाही, नाही म्हणत राहिले. तिला ते काही पटलं नाही.